नानायचे सिनिगांग

शाळेच्या वार्षिक अंकासाठी काही लिहावे, असा संपादक-शिक्षकांचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम गोंधळलो. माजी विद्यार्थ्याने लेख लिहायचा म्हणजे त्यात परिश्रमाचे महत्त्व, वेळेचा सदुपयोग अथवा परदेशातील अनुभव यांपैकी काहीतरी असावे, असा एक संकेत आहे. परदेशात आम्ही तीन वर्षे काढली हे खरे. परंतु तेथून आणलेल्या पदवीचा उपयोग आमच्या कचेरीपलीकडे कोणाला होईलसे वाटत नाही. तेथून आणलेली दुसरी एक विद्या मात्र आजही आमच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून एकदा उपयोगी पडते. ती विद्या म्हणजे माशाचे एक आंबट कालवण. त्याचे नाव सिनिगांग. आज आमच्या बालमित्रांच्या पानात तेच वाढावे, असे आम्ही योजिले आहे.

सन १९९८ मध्ये भातशेतीच्या अभ्यासासाठी आम्ही फिलिपाइन्समधील लोस बान्योस या गावी गेलो. मनिला शहराच्या दक्षिणेस, माकिलिंग पर्वताच्या पायथ्याशी आणि लागुना दे बाय या विस्तीर्ण सरोवराच्या काठी हे गाव वसलेले आहे. तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांवरून स्पॅनिश लोकांनी त्याला ‘स्नानाच्या जागा’ अशा अर्थाचे हे नाव दिले. येथेच १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. ‘आयआर ८’ हे ठेंगण्या भाताचे विख्यात वाण १९६६ साली येथूनच शेतकऱ्यांच्या हाती गेले, आणि १९८२ ते १९८८ या काळात आपले डॉ. एम. एस. स्वामिनाथन या संस्थेचे महासंचालक होते. एवढी सर्व माहिती आम्ही येथूनच मुखोद्गत करून गेलो होतो. तेथे गेल्यावर जेवायचे काय, याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. तो आमच्या आईने केला होता. निघताना तिने आमच्या पेटीत दोन पुड्या ठेवल्या. एकीत सोले होती, दुसरीत तिरफळे. ‘‘दुसरे काही मिळाले नाही तरी हुमणापुरते एवढे असू दे,’’ ती म्हणाली.

आम्ही ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिलो त्या बाई साठीच्या घरातल्या, विधवा होत्या. त्यांची मुले दूरदेशी नोकरीला होती. सारी आळी त्यांना ‘नानाय’ म्हणे. तागालोग भाषेत नानाय म्हणजे आई. त्या आम्हांला ‘आनाक’ म्हणजे ‘लेकरा’ म्हणून हाक मारीत. संध्याकाळी आम्ही फाटक उघडून आत आलो की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: ‘‘कुमाइन का ना?’’ अर्थ असा की, ‘जेवलास का?’ त्या देशात कुशल विचारण्याची ही सर्वसाधारण रीत आहे. आम्ही मात्र पहिले काही दिवस हा प्रश्न अक्षरशः घेऊन दुपारी काय खाल्ले त्याची यादी सांगत असू, आणि नानाय ती शांतपणे ऐकून घेत.

पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हांला जेवावयास बोलावले. आज ‘बांगुस’ आहे, असे त्यांनी सांगितले तेव्हा आमच्या तोंडाला पाणी सुटले. कारण आम्हांला तो शब्द ‘बांगडा’ असा ऐकू आला होता. प्रत्यक्षात बांगुस निघाला हातभर लांबीचा, रुपेरी अंगाचा, मऊ मांसाचा आणि असंख्य बारीक काट्यांचा मासा. तेथे तो तळ्यांतून आणि सरोवरातून पाळतात. त्याचे कालवण आमच्यापुढे आले ते पाहून आम्ही मनातून खट्टू झालो. रंग नाही, खोबरे नाही, हळद नाही, फोडणी नाही. स्वच्छ, किंचित पांढुरके पाणी; त्यात माशाचे तुकडे, मुळ्याच्या चकत्या आणि हिरवी पाने. आजाऱ्याला द्यावे तसे ते आम्हांला वाटले. आम्ही घास घेतला. आंबटाने दातांच्या मुळांपर्यंत शिरशिरी गेली. तरीही मनात आले ते हेच, की बिचाऱ्यांना मसाला ठाऊक नसावा.

अज्ञान आणि अभिमान यांची जोडी जमली म्हणजे माणूस लगेच दुसऱ्याला सुधारावयास निघतो. पुढच्या रविवारी सिनिगांग आम्ही करतो, असे आम्ही जाहीर केले. बाजारातून नारळ आणला, मिरच्या आणल्या, हळद शोधून काढली. खोबरे वाटले. आईच्या पुडीतली सोले आणि तिरफळे सढळ हाताने घातली. घरभर सुवास दरवळला. शेजारची मंडळी डोकावून गेली. नानायनी पानात वाढलेले सगळे संपवले, भात पुन्हा मागून घेतला, आणि हात धुऊन झाल्यावर सौम्य स्वरात विचारले, ‘‘नासाआन आंग आसिम?’’ म्हणजे, ‘आंबट कुठे आहे?’

आम्ही सोलांकडे बोट दाखवले. त्यांनी मान हलवली. ‘‘चांगले झाले आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे तुझ्या आईचे आहे, हे मला कळले. पण याला सिनिगांग म्हणू नकोस. तुझी आई मला तिकडे भेटली असती तर मीही तिच्या हुमणात माझे काही घालून त्याला हुमण म्हटले नसते.’’

त्या दिवशी आम्हांला जी लाज वाटली ती आजही विसरलेली नाही. आम्ही दुसऱ्याचा पदार्थ शिकलो नव्हतो; आपलाच पदार्थ त्याच्या अंगावर घातला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नानायच्या स्वयंपाकघरात रीतसर उमेदवारी सुरू केली.

ती कृती आता सांगतो. पाव किलो कच्ची हिरवी चिंच थोड्या पाण्यात शिजवावी. साल फुटली की ती कुसकरून गाळून घ्यावी. चोथा आणि चिंचोके टाकावेत, कोळ ठेवावा. तांदूळ धुताना पहिले पाणी ओतून द्यावे आणि दुसरे ठेवावे. हे धुवण दोन लिटरपर्यंत असावे. तांदळाच्या पिठुळपणामुळे रसाला किंचित अंग येते आणि आंबटपणाची धार बोथट न होता गोल होते. या धुवणात चिरलेला कांदा, दोन-तीन टोमॅटो आणि आल्याचे काप घालून उकळी आणावी. मग अळवाचे सोललेले कंद टाकावेत. ते मऊ होऊन थोडे विरघळले की रस दाट होतो. नंतर मुळ्याच्या चकत्या. त्यानंतर चवळीच्या लांब शेंगा, भेंडी आणि वांगे. एखाददुसरी लांब हिरवी मिरची अखंडच. चिंचेचा कोळ आता घालावा. सर्वांत शेवटी एक किलो माशाचे तुकडे सोडावेत, आच मंद करावी आणि आठ-दहा मिनिटे डाव अजिबात घालू नये. मासा ढवळला की मोडतो. मीठ म्हणून तेथे ‘पाटिस’ घालतात. माशांत मीठ घालून कित्येक महिने मुरवून काढलेले ते खारे पाणी असते. भांडे उतरवताना वर ‘कांगकोंग’ पसरावे. पाणथळ जागी वाढणाऱ्या ज्या वेलीला आपण नाळीची भाजी म्हणतो, तीच ही. झाकण ठेवले की वाफेवर पाने हिरवीगार राहून शिजतात.

एवढेच. तेलाचा थेंब नाही. आमच्या हातांना सर्वांत कठीण गेले ते काही घालणे नव्हे, न घालणे. डबा उघडून हळदीची चिमूट उचलायची आणि परत ठेवायची, ही साधना आम्हांला महिनाभर करावी लागली. हळूहळू मात्र एक गोष्ट ध्यानात आली. मसाल्याचा पडदा दूर झाला की आपल्या जिभेला माशाची चव कळते, मुळ्याची वेगळी कळते, आणि मासा काल सकाळचा आहे की आजचा, हेही तत्काळ कळते. ताज्या माशावाचून हे कालवण होत नाही, याचे कारण त्यात काही लपवण्याची सोयच नाही.

पुढे आम्हांला आणखी एक शोध लागला. सिनिगांगला चिंचच लागते असे नाही. तागालोगमध्ये चिंचेला ‘साम्पालोक’ म्हणतात, आणि मनिलात त्याच नावाचा एक भागही आहे. परंतु ज्या प्रदेशात, ज्या ऋतूत जे आंबट असेल ते घेण्याची तेथे पद्धत आहे. कुठे कैरी, कुठे पिकलेला पेरू, कुठे ‘कामियास’. पानाय आणि नेग्रोस या बेटांवर ‘बातवान’ नावाचे एक हिरवे गोल फळ घालतात. ते पाहताच आमच्यातला शेतकीचा विद्यार्थी जागा झाला; कारण बातवान आणि आपले भिरंड ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गार्सिनिया कुळीची भावंडे आहेत. पेरूची कथा तर दोन्हीकडे सारखीच. तो मूळचा अमेरिकेचा. मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्या दरम्यान १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. मिरची, टोमॅटो आणि पेरू तिकडे गेले ते स्पॅनिशांच्या हातून. आपल्या गोमंतकात पोर्तुगीजांनी पेरू आणला आणि आपले नावही ठेवून गेले. आपण त्याला अजून ‘पेर’च म्हणतो. आणि कामियास? नानायच्या परसातले ते झाड आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा क्षणभर स्तब्ध उभे राहिलो. खोडालाच लगडलेले फळांचे घोस, बोटभर लांबीची, काकडीच्या रंगाची फळे. ती आमच्या घरामागची बिंबली होती!

भाषेचेही असेच. तागालोग ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, हा आपला गुरू. ‘मुखा’ म्हणजे चेहरा. तेथे व्हिनेगरला ‘सुका’ म्हणतात. संस्कृत ‘चुक्र’ म्हणजे आंबट. त्याच शब्दापासून आपल्या आंबटचुक्यातला ‘चुका’ आला आणि समुद्र ओलांडून हा ‘सुका’ही. व्याकरणाचे तास ज्यांना कंटाळवाणे वाटतात त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. ‘सिनिगांग’ या शब्दाचा मूळ धातू ‘सिगांग’, म्हणजे रसात शिजवणे. आपण शब्दाच्या आरंभी उपसर्ग लावतो, शेवटी प्रत्यय लावतो; तागालोग भाषा ‘इन’ हा प्रत्यय शब्दाच्या पोटात घालते. ‘स’ आणि ‘इगांग’ यांच्यामध्ये ‘इन’ शिरला की ‘सिनिगांग’, म्हणजे ‘शिजवलेले’, असा शब्द तयार होतो. तेव्हा त्या नावात चिंच नाही आणि मासाही नाही. हे आम्हांला व्याकरण म्हणून त्या वेळी समजले. त्याचा खरा अर्थ कळावयास मात्र आणखी एक वर्ष जावे लागले.

आणखी एक प्रथा सांगणे आवश्यक आहे. तेथे प्रत्येकाच्या पानाशेजारी एक छोटी वाटी असते. तीत पाटिस, चेचलेली मिरची किंवा कालामान्सी या लहान लिंबाचा रस असतो. जेवणारा माशाचा तुकडा तीत बुडवून आपल्या आवडीप्रमाणे खारट, तिखट वा आंबट करून घेतो. याला ‘सावसावान’ म्हणतात. फिलिपाइन्सच्या खाद्यसंस्कृतीवर ज्यांनी आयुष्यभर लेखन केले त्या डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांच्या मते तेथील लोकांच्या रुचीचे खरे प्रतिनिधित्व सिनिगांगच करते. त्यांच्या लेखनात या वाटीलाही मोठा मान आहे. कारण तिच्यामुळे पदार्थ पुरा करण्याचे काम रांधणाऱ्याकडून जेवणाऱ्याच्या हाती येते. आमच्या घरी आईने केलेल्या हुमणात वरून मीठ घेणे म्हणजे तिचा अपमान समजला जाई. नानायना मात्र कोणी वाटीत काय कालवले याचा विषाद नसे. ‘‘माझ्या जिभेने सगळ्यांनी कसे जेवावे?’’ त्या म्हणत.

सन २००० च्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारी नानायच्या घरातला दूरध्वनी वाजला. वडील बोलत होते. ‘‘काल रात्री तुझी आई गेली. सकाळी सगळे आटोपले. तू आता घाई करू नकोस.’’ आणखीही काही ते बोलले असतील. आम्हांला एवढेच आठवते. आम्ही खोलीत येऊन बसलो. पेटीतली सोलांची पुडी केव्हाच संपली होती. तिरफळांच्या पुडीत तळाशी पाच-सहा दाणे उरले होते. तेच पुन्हा पुन्हा मोजत होतो.

अंधार पडल्यावर नानाय दाराशी आल्या. त्या दिवशी त्यांनी ‘जेवलास का?’ असे विचारले नाही. ‘‘तुमच्याकडे किती दिवस पाळतात?’’ त्यांनी विचारले. आम्ही दहा म्हणून सांगितले. ‘‘आमच्याकडे नऊ रात्री प्रार्थना करतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या दहा दिवसांत तू काय खात नाहीस?’’ मासे आणि मांस, आम्ही म्हणालो. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे पाटिसही नाही.’’ पाटिस माशाचेच असते, हे त्या क्षणी आमच्याही ध्यानात आले नव्हते.

आपल्याकडे ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी अन्न आणून देतात. ही रीत आम्ही त्यांना कधीच सांगितली नव्हती. तासाभराने त्या परत आल्या त्या हातात मातीचे नवे मडके घेऊन. त्यांच्या नेहमीच्या भांड्याला माशाचा स्पर्श झालेला होता. मडक्यात मुळा होता, अळवाचे कंद होते, शेंगा आणि कांगकोंग होती, परसातले कामियास होते. मासा नव्हता. पाटिस नव्हते, साधे मीठ होते. आम्ही न राहवून विचारले, ‘‘नानाय, याला काय म्हणतात?’’

‘‘आंबट आहे ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग ते सिनिगांगच. जेव, आनाक.’’

ज्या बाईंनी आमच्या खोबरे-हळदीच्या हुमणाला सिनिगांग म्हणू दिले नव्हते, त्यांनी मासा काढून टाकलेल्या या रसाला मात्र त्याच नावाने वाढले. आम्ही पहिल्यांदा त्यांच्या भांड्यात आपले सर्व काही ओतले होते, ते आपल्यासाठी. त्यांनी आपल्या भांड्यातून आपले आवडते सर्व काढून घेतले, ते आमच्यासाठी. आम्ही जेवलो. त्या रात्री डोळ्यांतून जे पाणी आले त्याचा दोष आम्ही कामियासच्या आंबटपणाला दिला, आणि नानायनी तो मान्य केला.

अभ्यास पुरा करून आम्ही २००१ साली घरी परतलो. वडील थकले होते. जेवणाचे ताट समोर आले की ते दोन घास घेऊन बाजूला सारीत. घरामागे बिंबलीचे झाड पूर्वीप्रमाणेच लगडलेले होते. पण आई दर उन्हाळ्यात मीठ लावून बिंबली वाळवीत असे, ते काम करणारे कोणी उरले नव्हते. झाडाखाली कुजलेल्या फळांचा थर साचला होता. एका सकाळी आम्ही खाडीतले ताजे शेवटे आणले, ओंजळभर बिंबली तोडली, तांदळाचे दुसरे धुवण ठेवले आणि नानायने शिकवले तसे सिनिगांग केले. पाटिस नव्हते, मीठ घातले. हळदीच्या डब्याला हात लावला नाही. मात्र एका वाटीत मिठाचे पाणी घेऊन त्यात चार तिरफळे चेचून टाकली आणि ती वाटी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

बाबांनी रस चाखला. ‘‘हळद विसरलास का रे?’’

‘‘नाही, बाबा. हे असेच असते.’’

‘‘आणि तिरफळ?’’

‘‘ते त्या वाटीत आहे. तुम्हांला हवे तेवढे घ्या.’’

त्यांनी आधी बोटाने चार थेंब घेतले, मग वाटीच कलती केली. बराच वेळ कोणी बोलले नाही. ‘‘हे तुझ्या आईचे नव्हे,’’ ते अखेरीस म्हणाले.

‘‘नव्हेच, बाबा.’’

‘‘पण बिंबली आपलीच आहे,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी भात मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा बाबा सूप घेऊन झाडाखाली उभे होते. फळे तोडून, पुसून, त्यांना मीठ लावून उन्हात पसरण्याचे काम त्यांनी पुढे अनेक वर्षे, अगदी शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत केले.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षणासाठी किंवा पोटासाठी दूर जाल. आईने दिलेली पुडी अवश्य बरोबर न्या. तिची किंमत पुडी संपल्यावर कळते. परंतु दुसऱ्याच्या घरी जेवावयास बसाल तेव्हा ती लगेच सोडू नका. आधी त्यांचे आंबट त्यांच्याच रीतीने चाखा. पुढे कधी तुमच्या ताटावर कोणी पाहुणा बसला, तर त्याच्याजवळ एक रिकामी वाटी ठेवावयास विसरू नका. आणि या सुट्टीत परसातली बिंबली पिकून गळू लागली असेल, तर वर दिलेली कृती घरी करून पाहा. प्रथम थोडी चुकेल. चुकली की कोणीतरी ‘आंबट कुठे आहे?’ म्हणून विचारील. विचारणारे माणूस घरात आहे, हेच मोठे भाग्य समजा.